मीडियाटेकच्या राउटरवरून आलेल्या १ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं की आम्ही मोबाइलमधली स्वस्तातली मीडियाटेक चिप असलेला राउटर गळ्यात मारला, क्वालकॉमचा दाखवला असता तर जास्त पैसे दिले असते, ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडं स्पीड ९४ च्या वर सरकत नाही आणि मागच्या खोलीत वायफाय दिसतच नाही. उत्तर सगळ्यांसमोरच देतोय, कारण चिपचं नाव ऐकून राउटर घेणारे साताऱ्यात खूप झालेत.

आधी ते ९४ बघू. हा आकडा ऐकला की या धंद्यातला कुणीपण सांगेल की वायर नाहीतर पोर्ट बघा. १०० एमबीपीएसच्या पोर्टातून हातात ९४-९५ च मिळतात, म्हणून स्पीड टेस्ट बरोब्बर तिथंच अडकते. चिप कमी पडत असती तर कधी १८० कधी २४० असं वरखाली झालं असतं. तुमच्या राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत, बॉक्सवर छापलंय. मग राहिल्या दोन जागा. भिंतीवर फायबरचा जो पांढरा डबा लावलाय त्याला बऱ्याचदा दोन लॅन पोर्ट असतात, त्यातला एकच गिगाबिट, दुसरा १०० चा, आणि वायर कुठल्यापण पोर्टात खोचली तरी नेट चालू होतं त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. नाहीतर मग वायर. गिगाबिटला आतल्या ८ च्या ८ तारा लागतात, १०० ला ४ पुरतात, म्हणजे क्रिंप करताना (वायरीच्या टोकाला प्लग बसवताना) एखादी तार नीट बसली नाही किंवा वायर दाराच्या फटीत दबली तरी लाइट लागते, यूट्यूब चालतं, सगळं ठीक वाटतं, फक्त लिंक गुपचूप १०० वर येते. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन पोर्टसमोर (फायबरच्या डब्याकडून येणारी वायर लागते तो) १०० दिसतंय की १००० तेवढं बघा.

आता चिप. तुमच्या राउटरमध्ये एमटी७९८१ आहे, २ कोर कॉर्टेक्स ए५३ (प्रोसेसरच्या कोरचं डिझाइन), १.३ गिगाहर्ट्झ. क्वालकॉमची एएक्स३००० (वायफाय ६ चा एक स्पीडचा वर्ग) वाल्या राउटरमध्ये येणारी आयपीक्यू५०१८ घ्या, तिचेपण २ च कोर, तेच ए५३, पण १ गिगाहर्ट्झ. म्हणजे नुसत्या नावाचे जास्त पैसे देऊन तुम्हाला काय मिळालं असतं सांगा. वरच्या रेंजमध्ये क्वालकॉमची आयपीक्यू८०७४ जबरदस्त आहे, ४ कोर, २ गिगाहर्ट्झच्या वर, हॉस्टेलला नाहीतर मंगल कार्यालयाला मी स्वतः तसलाच राउटर सुचवतो, पण तिथं मीडियाटेकचीपण एमटी७९८६ आहेच, ४ कोर २ गिगाहर्ट्झवाली. आणि मोबाइलचा संबंध इथं लावूच नका, २०११ साली क्वालकॉमनं वायफाय चिपा बनवणारी अथेरॉस कंपनी घेतली आणि त्याच साली मीडियाटेकनं तसलीच रॅलिंक, दोघांचं राउटरचं घराणं तिथून आलंय.

मीडियाटेकचं नाव खराब झालं ते माझ्या मते जुन्या एमटी७६२१ मुळं. ८८० मेगाहर्ट्झची मिप्स (वेगळ्या, जुन्या घडणीची) चिप, हार्डवेअर नॅट (घर आणि इंटरनेटमधली डेटाची ने-आण प्रोसेसरऐवजी वेगळ्या सर्किटनं करणं) चालू असेल तोवर गिगाबिटपण ओढते, पण क्यूओएस (कुणाला आधी आणि किती स्पीड द्यायचा ती सेटिंग) चालू केलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि ती धापा टाकते. तुमच्या राउटरमध्ये ती नाहीये. उलट ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं खुलं सॉफ्टवेअर) टाकणारी पोरं मुद्दाम मीडियाटेक मागतात कारण ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) खुला आहे, ब्रॉडकॉम या तिसऱ्या चिप कंपनीच्या वायफायला ते सुख नाही. अजून एक, चिपची कंपनी बघून राउटर घ्यायचा म्हटलं तरी डब्याखालचं स्टिकर वाचावं लागतं, टीपी-लिंकच्या आर्चर सी६ राउटरच्या व्हर्जन २ मध्ये क्वालकॉम आणि व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेक, नाव मात्र तेच.

मागच्या खोलीचं म्हणाल तर घर पेठेतलं जुनं आहे असं तुम्हीच लिहिलंय. काळ्या दगडाची दोन-दोन फुटी भिंत, त्यात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल, तो एका भिंतीतच संपतो मग चिप कुणाचीपण असू दे. सिग्नलची ताकद किती ठेवायची त्याला सरकारी मर्यादा आहे, महागडा राउटर घेतला म्हणून ती वाढत नाही. वायफायवर चालणारा मेशपण (एकमेकांना सिग्नल देणारे दोन-तीन डबे) तिथं रडतो कारण त्यालापण त्याच भिंतीतून जायचंय. मागं कॅट ६ ची (गिगाबिट चालणारी नेटवर्कची) एक वायर टाकायची आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीवरून आलेलं नेट वायफायनं देणारा डबा) लावायचा, घरात जुना राउटर पडून असेल तर तोच लावू, नवीन काही घेऊ नका.

वॅनसमोर १०० दिसलं तर फायबरच्या डब्याच्या पोर्टांचा फोटो पाठवा नाहीतर ती वायर घेऊन पोवई नाक्यावर दुकानात या, क्रिंपिंगचे पैसे घेणार नाही. १००० दिसूनपण स्पीड ९४ च असेल तर राउटर बॉक्ससकट आणा, तुमच्यासमोर आमच्या लाइनवर लावू, तिथंपण अडकला तर बदलून देतो.