भांडे. धातू.

संग्रहालयात अंधार का असतो, ते मला कळतं हो. जुने कागद, कापड, जलरंगातली चित्रं यांना उजेड बाधतो, उडालेला रंग परत येत नाही, म्हणून तिथे प्रकाश साधारण 50 लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. मान्य! पण मग त्या अंधारात माहितीची पाटी मुंगीएवढ्या अक्षरात, तीही गुडघ्याच्या उंचीवर, करड्यावर पांढरी कशाला? ओणवी होऊन वाचायला जावं तर माझीच सावली पाटीवर. बाजूला सरकले की काचेत दिव्याचा गोळा. शेवटी फोटो काढून मोठा करून बघावा म्हटलं, तर पहारेकरी खेकसला. आणि एवढ्या कसरतीनंतर हाती काय लागलं? ‘भांडे. धातू.’ अहो, भांडं आहे ते दिसतंय मला! कुणाचं, कधीचं, त्यात शिजायचं काय?

बागेत तर कहरच. नावाची पाटी झाडालाच खिळ्याने ठोकलेली, आणि खोडाने वाढता वाढता अर्धं नाव गिळलेलं.

बरं, ज्या दालनासाठी मुद्दाम आले ते ‘दुरुस्तीसाठी बंद’. कधीपासून? त्या पाटीवरसुद्धा बोटभर धूळ होती.