गच्ची कोणाच्या बापाची?

लिफ्टमध्ये आज नोटीस लागली. गच्चीवर पापड, कुरडया, ज्वारीच्या बिबड्या वाळत घालू नयेत, खाटा-गाद्या नेऊ नयेत. जळगावात! एप्रिलमध्ये! मग हे ४४-४५ डिग्री ऊन काय नुसतं एसीचं बिल भरायला पडतं का?

तुम्ही सगळे इकडचेच, तुम्हाला काय सांगू. बिबड्या हे एकट्या घराचं काम नाहीच. आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. दोन खोल्या, पप्पांची नाईट असली की दिवसा सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. उन्हाळ्यात आई पहाटेच ज्वारीचा घाटा शिजवायला घ्यायची, तीळ, लसूण, मिरची टाकून, आणि शेजारच्या आंध्राच्या अम्मा न बोलावता पदर खोचून हजर. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला तेलुगू नाही, दोघींचं सगळं रेल्वेछाप हिंदीत. खाटेवर ओलं धोतर अंथरायचं, पाण्याचा हात लावून थापत जायचं, आणि आम्ही पोरं ताटलीत गरम घाटा, वर कच्चं तेल, असं घेऊन कोणाच्या ओट्यावर बसलोय त्याचाही पत्ता नसायचा.

ते घर आमचं नव्हतंच. पप्पा रिटायर झाले, चाव्या जमा केल्या, विषय संपला. पण अजूनही "घरी जाऊन येते" म्हटलं की माझ्या तोंडात भुसावळच येतं, नवरा हसतो. आणि हा फ्लॅट आमच्या नावावर आहे, रजिस्ट्री आहे, २० वर्षांचा हप्ता आहे, अन् समोरच्या वहिनींचं आडनाव मला कुरिअरच्या पाकिटावरून कळलं. अम्मांच्या डब्यात मीठ कुठं असतं ते मला माहीत होतं राव.

हो, मान्य, मागच्या वर्षी कोणीतरी धोतरावर ठेवलेले दगड तसेच सोडले, पहिल्याच पावसात पाईप तुंबला, वरच्या मजल्याला ओल आली. मग दगड उचला म्हणून लिहा ना! डोकं दुखतं म्हणून मुंडकंच उडवायचं का?

चेअरमन काकांवर राग नाही, बिचारे शिव्याच खातात. त्यांच्या आई अमळनेरकडच्या, दिवसभर गॅलरीत. परवा सुनेनं आणलेलं बिबड्यांचं रेडिमेड पाकीट उलटसुलट करत मला विचारतात, "ह्या कोणी थापल्या वं?" काय सांगणार? म्हटलं, मशीननं असतील आजी. त्यांनी पाकीट न फोडताच बाजूला ठेवून दिलं.

तर मी रविवारी ज्वारी भिजत घालतेय. आजींना खुर्ची टाकून वर बसवणार, मीठ-तिखट त्याच बघतील, चेअरमन काकांनी मग स्वतःच्या आईला नोटीस द्यावी. पातेलं आहे. जुनं सुती धोतर कोणाकडे असेल तर कळवा, आमच्याकडे आता सगळे बर्मुडेवाले.