तिकीट बघूनच घाम फुटतो

दर वेळी तेच. म्हातारा झालेला रॉक बँड भारतात येणार म्हटलं की ग्रुपवर मेसेज सुरू, आणि तिकिटाचा आकडा बघितला की पोटात गोळा येतो, वर १८ टक्के जीएसटी, वर बुकिंग फी, आणि आम्हा बेळगावकरांना तर मुंबई काय बेंगळुरू काय, दोन्ही पाचशे किलोमीटर, म्हणजे संभाजी चौकातून रात्रीची स्लीपर, तिथं लॉज, दोन दिवस रजा. एवढं करून उभं राहायचं पार मागं, पुढं पैसेवाल्यांचं कुंपण, गिटारवाला अंगठ्याएवढा दिसणार.

२०११ ला मेटालिका हा बँड बेंगळुरूला आला तेव्हा त्यांचा गायक हेटफिल्ड ४८ चा होता, ते ठीक होतं हो. मे २०२५ मध्ये गन्स अँड रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले तेव्हा त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ ६३ चा. या वयात आवाज उतरणारच, त्याचा राग नाही. राग याचा की ज्यांनी कॅसेटमध्ये पेन्सिल घालून टेप गुंडाळत हे बँड ऐकले त्यांनाच मागं ढकलायलेत!

मला विचाराल तर पार मागं उभं राहायच्या तिकिटाचे पैसे अजिबात वसूल होत नाहीत. परवा परत लिंक आली, उघडली, रक्कम बघितली आणि बंद केली.