रुळावरचा गुन्हा जीआरने मागे जात नाही

कापसाचा भाव पडला, केळीचा पीकविमा अडकला की आपल्याकडे कोणीतरी माईकवर म्हणतंच "आता रेल्वे रोखू" आणि खाली बसलेली पोरं टाळ्या वाजवतात. मागणी बरोबरच असते, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्या माईकवाल्याशी आहे, कारण रास्ता रोको आणि रेल रोको यात काय फरक आहे हे तो पोरांना सांगतच नाही.

रस्त्यावर बसले, गुन्हे दाखल झाले, निवडणूक जवळ आली, सरकारने गुन्हे मागे घ्यायचा जीआर काढला, सरकारी वकिलाने अर्ज दिला, कोर्टाने हो म्हटलं, विषय संपला. रेल्वे पडली केंद्राची. तिच्या कायद्याखालचा खटला मागे घ्यायचा तर राज्याच्या वकिलाला आधी केंद्राची परवानगी लागते (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, पूर्वी सीआरपीसीचं कलम ३२१, आता बीएनएसएसचं कलम ३६०), कोर्टाची संमती त्यानंतर. म्हणजे स्टेजवरून "सगळे गुन्हे मागे घेऊ" म्हणणाऱ्या आमदाराच्या हातात या केसेस नसतातच ना भो! नेता तारखेला वकील पाठवून मोकळा. पोरगं इकडे पोलीस भरतीचं ग्राउंड मारून येतं आणि चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे काय" या रकान्यापाशी त्याचा पेन अडतो.

१९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १७४ आहे. रेल रोको, बंद, रुळावर ठिय्या, सगळं नाव घेऊन लिहिलंय. २ वर्षांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंमत म्हणजे गाडीच्या ब्रेकचा होज पाईप काढणारा आणि सिग्नलशी छेडछाड करणारा पण याच कलमात, तेवढ्याच शिक्षेला. शांततेत बसून घोषणा देणारा म्हातारा शेतकरी आणि सिग्नल बिघडवणारा एकाच रांगेत? मला हे पटत नाही, बदलायला पाहिजे.

आणि रेल्वे म्हणजे नुसते रूळ नाहीत बरं का. कुंपणाच्या आतली जमीन, यार्ड, सायडिंग, वर्कशॉप, विजेची यंत्रणा, सगळं कायद्याच्या व्याख्येत येतं. भुसावळमध्ये तर बोलता बोलता माणूस रेल्वेच्या हद्दीत शिरतो. प्लॅटफॉर्म तिकीट काढून बसलो म्हणजे सेफ असं समजू नका, जायला सांगितल्यावर हलला नाहीत तर कलम १४७, ६ महिन्यांपर्यंत कैद. गेट तोडलं तर कलम १६०, ५ वर्षांपर्यंत.

दगडवाल्यांबद्दल मात्र मला काडीची दया नाही. गाडीतल्या लोकांच्या जिवाला धोका होईल हे माहीत असून दगड मारला तर कलम १५२, जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद. योग्यच आहे. गाडीला स्टेअरिंग नसतं, लोको पायलटला समोर माणसं दिसली तरी ब्रेक लावून बघत बसण्यापलीकडे काही करता येत नाही, डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार. त्यात भुसावळहून एक लाईन नागपूरकडे, एक खंडव्याकडे, इथे अडकलं की दोन्हीकडे गाड्यांची रांग. गाडीने जाणारी आपली केळीही अशा रांगेत पिकत बसणार, म्हणजे नुकसान परत आपलंच.

आंदोलन करा, दणकून करा, कलेक्टर ऑफिससमोर बसा, मी पण येतो. पण रुळावर चला म्हणायचं असेल तर १७४ काय आहे ते आधी त्याच माईकवर वाचून दाखवा, आणि पोरांच्या तारखांचा, वकिलाचा खर्च कोण करणार तेही तिथेच, नाव घेऊन सांगा.