सिंहगड महिन्यातून एकदा पुरे, रोजचा चढ घराजवळ शोधा

पुण्यात कुणी रोड सायकल घेतली की महिनाभरात ठरलेला प्रश्न येतो, "सिंहगड मारला का?" मारून झाला की पुढच्या रविवारी परत सिंहगड, त्याच्या पुढच्या रविवारी परत. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, फोटो. सोमवार ते शनिवार सायकल गॅलरीत उभी. सहा महिन्यांनी हीच मंडळी विचारतात, वेळ कमी का होत नाही?

सिंहगडावर माझं फार प्रेम आहे, पण चढाचा सराव असा होत नाही. तो होतो मंगळवारी नाहीतर गुरुवारी, कामाला जायच्या आधी, घरापासून अर्ध्या तासाच्या आतल्या लहानशा चढावर. हडपसर-खराडीकडच्या सपाटीवर राहणारे सोडले तर पुण्यात असा चढ बहुतेकांच्या आवाक्यात आहे. तो शोधायची तसदी घेतली जात नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी हिशोब. गोळेवाडीच्या नाक्यापासून गडाच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर रस्ता आणि सहाशे मीटरच्या आसपास उंची. सायकल, बाटल्या, अंगावरचे कपडे सगळं धरून ७० किलो वजन एवढं वर न्यायचं, तेही तासाभरात, तर नुसत्या उंचीसाठी सुमारे ११५ वॉट (पायांनी लावलेल्या जोराचं माप) लागतात. टायरचं घर्षण आणि हवा वेगळी. हेच ५० मिनिटांत करायचं तर आकडा १३७ वर जातो. म्हणजे दहा मिनिटं कमी करायला बावीस-तेवीस वॉट वाढवायचे आणि ते पाऊण तासाहून जास्त वेळ टिकवायचे. आता जो माणूस दर रविवारी त्याच तासाभराच्या चालीने चढतो, तो त्या १३७ वर दोन मिनिटंही सलग राहत नाही. मग पायांना ते जमणार कसं? त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं नेहमीपेक्षा जास्त जोर लावायचा, खाली उतरायचं, पाय मोकळे करायचे आणि पुन्हा तेवढाच जोर लावायचा. हे करायला नऊ किलोमीटरचा घाट लागत नाही, चार किलोमीटरचा पुरतो.

माझ्यासाठी तो चढ म्हणजे कात्रजचा जुना घाट. कात्रज चौकाची गर्दी मागे टाकली की जुन्या बोगद्यापर्यंत चारेक किलोमीटर, उंची ढोबळमानाने दोनशे मीटर. तीन वेळा चढलं की सिंहगडाएवढी उंची झाली, आणि प्रत्येक वेळी मध्ये उताराची विश्रांती मिळाल्यामुळे तिन्ही वेळा सिंहगडापेक्षा जास्त जोर लावता येतो. चढ कुठेही अंगावर येत नाही. एकदा गिअर लागला की तो फारसा बदलावा लागत नाही, श्वास एका लयीत बसतो आणि आपण खरोखर किती जोर लावतोय हे कळायला लागतं. हे कळणं फार मोलाचं आहे. मध्येच सपाटी, मध्येच उतार, मध्येच सिग्नल असा रस्ता असेल तर ते कधीच कळत नाही. मी बोगद्याच्या अलीकडेच वळते. आत अंधार असतो, मागून येणाऱ्या गाडीला आपला छोटा दिवा वेळेवर दिसेलच याची खात्री नाही, आणि सरावासाठी बोगद्याच्या पलीकडे जायची गरजही नाही.

कोंढवा, येवलेवाडी, बिबवेवाडीकडच्यांना बोपदेव घाट जवळ. तोही तीन-चार किलोमीटरचाच, पण स्वभावाने वेगळा. सुरुवातीला गाफील ठेवतो आणि मग खडा होतो. वर पोचल्यावर पाय शिल्लक असतील तर कानिफनाथाकडे वळणारा रस्ता आहेच, तिथे उरलंसुरलं निघतं. दिवे घाटाचा चढ खरं म्हणजे सरावाला याहून चांगला, लांब वळणांचा आणि एकसारखा. पण पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची कामं, डंपर, ट्रेलर यांच्यामधून चढाची पुनरावृत्ती करायची मला इच्छा होत नाही आणि मी कुणाला तो सुचवतही नाही.

इथे एक गोष्ट सांगते, जी कळल्यापासून मला नकाशा बघायची दृष्टीच वेगळी मिळाली. आपल्याकडचे जुने घाटरस्ते बैलगाडीच्या हिशोबाने आखले गेले. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. भरलेली गाडी बैलांना ओढवली पाहिजे आणि उतरताना ती बैलांच्या अंगावर येता कामा नये, या दोन अटींमुळे असे रस्ते डोंगराला वळसे घालत, उंची थोडी थोडी घेत गेले. तरीही दिवे घाटात आषाढात माउलींच्या पालखीचा रथ वर न्यायला आजही जादा बैलजोड्या जोडतात. बैलाला जो चढ तासन्‌तास ओढता यायचा, तोच सायकलवाल्याला लांब, सलग जोर लावायला उत्तम पडतो. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट हे याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. दहा-बारा किलोमीटर, पाच टक्क्यांच्या आसपास (म्हणजे शंभर मीटर रस्त्यात पाच मीटर उंची), खाली वाईचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी, आणि रस्ता शेवटपर्यंत आपला स्वभाव बदलत नाही.

याउलट मोटारीच्या जमान्यात झालेले रस्ते. डोंगरावरच्या देवळाचा, पाण्याच्या टाकीचा, टेकडीच्या उतारावर झालेल्या सोसायट्यांचा. इंजिनाला चढ जड जात नाही, म्हणून हे रस्ते सरळ वर घुसतात. देहूजवळचा भंडारा डोंगर, यवतच्या बाजूचा भुलेश्वर, धायरीच्या मागच्या डोंगरउतारावरच्या वसाहती. इथे दहा-बारा टक्क्यांचे तुकडे सहज मिळतात. दोन-तीन मिनिटं जीव तोडून चढायचं, छाती भात्यासारखी चालली पाहिजे, मग सावकाश खाली आणि परत वर. अशा सरावाला हेच रस्ते हवेत. म्हणून चढ शोधायला निघण्याआधी ठरवा, तुम्हाला यातलं काय करायचंय. नुसतं "जवळचा घाट कुठला" विचारून उपयोग नाही.

शोधायचं कसं? ॲपवर सरासरी टक्केवारी बघून ठरवू नका. मधल्या एका उतारामुळे आठ टक्क्यांचा चढ कागदावर पाच टक्क्यांचा होतो. त्यापेक्षा समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा नकाशा उघडा, ओपनटोपोमॅपसारखा कुठलाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन रेषांमध्ये २० मीटर उंची असते. रस्ता अशा पाच रेषा ओलांडत असेल तर शंभर मीटर झाले. तेवढ्यात अंतर दोन किलोमीटर असेल तर पाच टक्के, एक किलोमीटर असेल तर दहा. ओलांडण्याची ठिकाणं सारख्या अंतरावर असतील तर चढ एकसारखा, कुठे दाटी झाली तर तिथे तो खडा. पाचवीच्या भूगोलाएवढं सोपं आहे, आणि अशा नकाशावर तुमच्या घराभोवतीचा दहा किलोमीटरचा परीघ एका संध्याकाळी तपासून होतो. नावंही बघा. खिंड, बारी, माथा, घाट असं काही दिसलं की तिथे रस्ता कुठला तरी डोंगर ओलांडतोय. आणि एक उपाय नकाशाशिवायचा: त्या भागातल्या रिक्षावाल्या काकांना विचारा, तिघं बसले की रिक्षा कुठे अडते? इतकं नेमकं उत्तर ॲप देणार नाही.

रस्ता सापडला की तो चांगला की वाईट हे ठरवायची माझी पहिली कसोटी टक्केवारी नाही. पहाटे साडेपाचला तिथे माणसं असतात का, ही आहे. बाई म्हणून मला हे आधी बघावंच लागतं, आणि ज्यांना कधी बघावं लागलं नाही त्यांनी रस्ता सुचवताना याचा विचार करावा अशी मनापासून विनंती आहे. "मस्त आहे गं, एकदम निवांत रस्ता" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. निवांत रस्त्यावर पंक्चर झालं, तर टायर काढून ट्यूब बदलेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मी पाठमोरी, एका जागी बसलेली असते. सिंहगडाचं मला इथे कौतुक आहे. पहाटेपासून पायथ्याला चालणाऱ्यांची वर्दळ असते, चहाची टपरी उघडलेली असते, एकटी बाई तिथे कुणाला वावगी वाटत नाही. बोपदेवला मात्र मी उजाडल्याशिवाय आणि सोबतीशिवाय जात नाही. यात भित्रेपणा अजिबात नाही. जिथे लक्ष पाठीमागे ठेवावं लागतं, तिथे जोर लावता येत नाही. सराव होतच नाही.

दुसरी कसोटी पायथ्याची. चढ कितीही सुंदर असला आणि खाली वळायला जागा नसली, किंवा उतरताच चौक येत असला, तर परत परत चढता येत नाही. बोरघाटाचंच बघा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' याच घाटात ठरतो, त्यामुळे प्रत्येकाला तो खुणावतो. पण एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आणि जुना रस्ता घाटात काही अंतर त्याच एक्सप्रेसवेला येऊन मिळतो. शर्यतीसाठी वाहतूक सांभाळली जाते, तुमच्या गुरुवारच्या सरावासाठी कुणी सांभाळणार नाही.

गिअरबद्दल थोडक्यात. पुढे ५०-३४ दातांची चाकं आणि मागे ११-२८ दातांची कॅसेट (दातेरी चाकांचा संच) घेऊन खड्या चढावर बसून राहू नका. पुढच्या ३४ ला मागचे २८ लावून पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग तासाला नऊ किलोमीटर होतो. दहा टक्क्यांवर तो वेग ठेवायला आपल्या त्याच ७० किलोला पावणेदोनशे वॉट लागतात. ते नसतील तर फेऱ्या पंचेचाळीसवर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर. मागे ३४ दातांची कॅसेट बसत असेल तर बसवा. सायकलच्या दुकानात कुणी "एवढी मोठी कशाला?" म्हणालं तर हसून सोडून द्या.

सिंहगडाला जाल तेव्हा एक बारीक गोष्ट बघा. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे चढताना डावीकडे वळणाऱ्या नागमोडीवर आपण आतल्या कडेला असतो आणि तिथे चढ एकदम खडा होतो. उजवीकडच्या वळणावर आपण बाहेरून जातो, तिथे तोच रस्ता सौम्य वाटतो. कोंढणपूर फाट्याच्या वर हे फार जाणवतं. डावं वळण दिसलं की दोन गिअर आधीच हलका करा, वळणात पेडलवर सगळा भार असताना चेन बदलायला गेलात तर ती कुरकुरते, कधी निसटतेही. मागून गाडी नसेल तर कडेपासून हातभर मध्ये राहा. उजव्या वळणावर पाणी प्या, श्वास परत मिळवा. मांड्या भरून आल्या असतील तर इथेच थोड्या सुटतात. असं वळणावळणाने जमलं की शेवटच्या किलोमीटरला काहीतरी शिल्लक राहतं.

उताराबद्दल मी कडक आहे. सराव चढताना होतो, उतरताना फक्त सुखरूप खाली यायचं असतं. पावसाळ्यात वळणाच्या आतल्या कडेला वाहून आलेली बारीक खडी आणि शेवाळ, धुक्यात न दिसणारी गाडी, सिंहगडावर रस्त्यात बसलेली माकडं. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींची बातमी बघितल्याशिवाय ताम्हिणी, टेमघर, वरंध कुठेच निघू नका. हिवाळ्यात हवा सोन्यासारखी असते, पण वाई-सातारा बाजूला उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात आणि त्यांना मागे दिवा असतोच असं नाही.

आणि हे सगळं फक्त पुण्याचं नाही. साताऱ्यात तर समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो, घरातून निघालं की दहा-पंधरा मिनिटांत पायाखाली चढ. अजिंक्यताऱ्याचा रस्ता त्याहून जवळ. असं शहर सायकलवाल्याला नशिबाने मिळतं. कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि जोतिबा आहे, ठाण्याला येऊर आहे. गावोगावच्यांनी आपले चढ खाली जरूर लिहा. फक्त नाव लिहून थांबू नका. किती लांब, कुठे खडा होतो, अवजड वाहनं किती वाजल्यापासून सुरू होतात, पहाटे काय उघडं असतं आणि तिथे एकटी बाई जाऊ शकते का, हेही लिहा. पिंपरी-चिंचवडकरांकडून मला विशेष हवंय. भंडारा डोंगर सोडून निगडी-प्राधिकरणाच्या अर्ध्या तासात दहा मिनिटांचा सलग चढ कुठे आहे? तिकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पुढच्या आठवड्यापासून सुरुवात करायची आहे.