म्हैस बोटीत मावत नाही

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की इथे नेदरलँड्समध्ये, नाइमेखेनला, माझ्या फोनवर कोल्हापूरचा जुना वाद सुरू होतो. बोटी, वाहने आणि माणसे कुठे आधी धाडावीत हे सुचवणारी संगणकीय निर्णय-साहाय्य प्रणाली हवी, असे एक बाजू म्हणते; बंधाऱ्यावरची पट्टी वाचत म्हातारे झालेल्यांना संगणक काय शिकवणार, असे दुसरी विचारते. दोन्ही बाजू पाणी किती येणार यावरच भांडतात, आणि पाणी येण्याआधी कोणते साधन कोणत्या घटकेला कामाचे, हा प्रश्न तसाच राहतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये चिखलीत मामांच्या दाराशी बोट लागली, मामी पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि मामा हलायला तयार नव्हते. ‘जनावरं सोडून कसं येऊ?’ एवढेच ते म्हणत होते. शेवटी त्यांनी विळ्याने तिन्ही म्हशींची दावी कापली, त्यांना पाण्यात सोडले आणि मगच ते बोटीत बसले. दोन म्हशी पुढे सापडल्या. आधी दोन दिवस त्यांनी एका कार्यालयात टेम्पो मागितला होता, तेव्हा ‘अजून धोका पातळी आलेली नाही’ असे उत्तर मिळाले होते. वास्तविक ४३ फुटांची ती पातळी येण्याआधीच टेम्पो गोठ्यापर्यंत जाऊ शकतो. रस्ता बुडाल्यावर बोटच जाते, आणि म्हैस बोटीत मावत नाही.

जनावरांसाठी अडून बसणे हा आपल्याकडचा अडाणीपणा समजणाऱ्यांना मी १९९५ची आठवण देतो. त्या हिवाळ्यात इथल्या नद्या फुगल्या तेव्हा सुमारे अडीच लाख माणसांबरोबर सुमारे दहा लाख जनावरेही हलवली गेली. बांध अखेर टिकले, तरी ती धावपळ फुकट गेली असे माझ्या शेजारच्या शेतकरी आजी म्हणत नाहीत.

अर्थात युरोपात सारे आलबेल आहे असेही नाही. २०२१च्या जुलैत, कोल्हापूरला पूर आला त्याच महिन्यात, जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. पुराचे इशारे आधीच मिळाले होते, गावे रिकामी करण्याचा आदेश मात्र फार उशिरा निघाला. म्हणून पट्टी किती फुटांवर असताना कोणाच्या सहीने कोणते वाहन कुठे निघेल, हे मे महिन्यातच ग्रामसभेसमोर ठरवून प्रणालीत भरले पाहिजे. तसे लिहिलेले असले की ऐन वेळी नगरसेवकाच्या फोनवर क्रम बदलला तर तो बदल निदान दिसेल तरी.

साधने कुठून आणायची, असे विचारतात. पावसाळ्यात गळीत हंगाम बंद असतो आणि उसाच्या ट्रॉल्या आपल्याच जिल्ह्यात उभ्या असतात. त्यांची यादी करणे अवघड नाही. परवा मामांना हे सांगितले, तर त्यांनी लगेच विचारले, ‘आणि डिझेल कोण घालणार?’ तो रकानाही प्रणालीत हवा.