फिलिपिनो इंडी ‘कोणी बघत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

चित्रपटप्रेमींच्या गटांत एक दावा बरीच वर्षं फिरतो आहे. फिलिपिन्सचा स्वतंत्र, म्हणजे ‘इंडी’ सिनेमा म्हणे मनिलाच्या झोपडपट्ट्या दाखवून युरोपातली बक्षिसं गोळा करतो. त्यात नवखे नाहीतर काम न मिळणारे नट असतात. तिथली माणसं स्वतः तो बघत नाहीत, आणि एखादा स्टार आलाच तर तो सिनेमा इंडी राहत नाही. आपल्याकडे बहुतेकांची या सिनेमाशी गाठ पडते ती महोत्सवातच. २०२२ च्या गोव्यातल्या इफ्फीत फिलिपिनो दिग्दर्शक लाव दियाझच्या ‘व्हेन द वेव्ह्ज आर गॉन’ला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, तसं काहीतरी कानावर येतं आणि तेवढंच येतं. म्हणून हा दावा पटतोही चटकन.

‘सगळं गरिबीवरच’

यात अर्धं खरं आहे. दिग्दर्शक ब्रिलान्ते मेंडोझाचे ‘सर्बिस’ (२००८), ‘किनाताय’ (२००९) आणि ‘मा रोसा’ (२०१६) हे तिन्ही कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होते, आणि तिन्ही शहरी तळागाळाचे आहेत, त्यातले दोन मनिलातले. पण त्यावरून फार तर युरोपातल्या निवड समित्यांची आवड कळते. देशात काय काय बनतं, ते कळत नाही.

या साच्याची सगळ्यात जहाल टर उडवली तीही फिलिपिनो इंडीनेच. ‘आंग बाबाए सा सेप्टिक टँक’ (२०११) मध्ये तीन तरुण झोपडपट्टीतल्या एका आईची गोष्ट घेऊन ऑस्करची स्वप्नं बघत मनिलाभर फिरतात. तीच कथा त्यांच्या डोक्यात कधी रखरखीत वास्तववादी होते, कधी तिची संगीतिका होते, तर कधी खऱ्या वस्तीतली माणसं घेऊन माहितीपटासारखी. युजीन दोमिंगो त्यात स्वतःचीच भूमिका करते आणि या पोरांना अभिनयाचे तीन प्रकार ऐकवते. पहिला ‘एलिव्हेटर’, म्हणजे भावना लिफ्टसारख्या वरखाली. दुसरा ‘टीव्ही पॅट्रोल’, म्हणजे बातम्यांतल्यासारखा आक्रोश. तिसरा ‘ॲज इज, व्हेअर इज’, म्हणजे अभिनय करायचाच नाही. चित्रपट सिनेमालाया या तिथल्या इंडी महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला, पुढे व्यावसायिक थिएटरांतही चालला. खिल्ली ऑस्करच्या हव्यासाची होती, आणि त्या वर्षी देशाने ऑस्करला पाठवला तो हाच.

बाकीची यादी थोडक्यात. ‘ब्वाकाव’ (२०१२) एका म्हाताऱ्या समलिंगी माणसाची आणि त्याच्या कुत्रीची गोष्ट. ‘पाताय ना सी हेसुस’ सेबुआनो भाषेतली प्रवासी विनोदिका. ‘सेव्हिंग सॅली’ (२०१६) मध्ये खरे नट चितारलेल्या ॲनिमेशनच्या जगात वावरतात. तो पुरा व्हायला दहाहून जास्त वर्षं लागली. २०२४ चा सिनेमालाया विजेता ‘तुमांदोक’ पनाय बेटावरच्या आती आदिवासींचा आहे आणि त्यात त्या समाजातलीच माणसं काम करतात. यातल्या दोन चित्रपटांत ‘मनिलाची झोपडपट्टी’ सोडाच, मनिलाची तागालोग भाषाही नाही.

‘नवखे, नाहीतर रिकामे नट’

२०१३ च्या एशियन फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता एडी गार्सिया (‘ब्वाकाव’) आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री नोरा ऑनोर (‘दाय वूम्ब’) होती. दोघंही फिलिपिनो, दोन्ही चित्रपट इंडी. गार्सिया तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि त्यांच्यामागे सहा दशकांचं काम होतं. नोरा ऑनोरला सबंध देश ‘सुपरस्टार’ म्हणूनच ओळखायचा. चारो सांतोस-कोन्सिओ तर एबीएस-सीबीएन या बलाढ्य वाहिनीची प्रमुख होती. ते पद सोडल्यावर ती लाव दियाझच्या ‘आंग बाबाएंग हुमायो’मध्ये उभी राहिली आणि २०१६ साली त्या चित्रपटाने व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, आणला. हिला काय काम मिळत नव्हतं?

उलट दिशेची वाटही आहे. कोको मार्टिन ‘मासाहिस्ता’ (२००५) पासून मेंडोझाच्या चित्रपटांत घडला आणि नंतर ‘आंग प्रोबिन्सियानो’ ही मालिका २०१५ ते २०२२ अशी सात वर्षं त्याने खांद्यावर वाहिली. ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’मुळे जगाला कळलेली डॉली दे लिओन त्याआधी कित्येक वर्षं मनिलाची रंगभूमी, मालिका आणि इंडीतल्या छोट्या भूमिका करत होती.

अडचण असते ती सवयीची. मालिकांत काम केलेल्या नटाला चढ्या सुरात बोलायची आणि डोळ्यांत पाणी आणायची सवय लागते. हातातला कॅमेरा दोन फुटांवर असला की तेच खोटं दिसतं. मेंडोझा यावर उपाय म्हणून नटांना पूर्ण पटकथा देत नाही. प्रसंग त्या त्या वेळी सांगतो, म्हणजे पाठ करून आणलेली भावना वापरताच येत नाही. जॅकलिन होसे ऐंशीच्या दशकापासून तिच्या सपाट, थंड संवादफेकीसाठी ओळखली जायची. ‘मा रोसा’च्या शेवटी ती रस्त्यावर उभी राहून काडीला टोचलेले फिशबॉल खाते, समोर एक कुटुंब दिवसाची टपरी आवरत असतं, आणि चघळता चघळता तिचे डोळे भरून येतात. संवाद नाही. २०१६ साली कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला मिळाला. आग्नेय आशियातल्या अभिनेत्रीला तो पहिल्यांदाच मिळत होता.

‘तिथले लोकच बघत नाहीत’

खरा घोळ इथे आहे. ‘बघत नाहीत’ म्हणण्याआधी ‘दाखवतात किती’ हे मोजायला हवं.

नवे चित्रपट तिथे सहसा बुधवारी लागतात. थिएटरं बहुतेक मॉलमध्ये आणि मोजक्या साखळ्यांच्या हाती. बुधवार कामाचा दिवस. दुपारचे खेळ ओस पडले की गुरुवारी त्या चित्रपटाचे खेळ घटतात, पडदा दुसऱ्याला जातो. जाहिरातीला पैसा नसलेल्या चित्रपटाची कुजबुज शनिवारपर्यंत पोचते, तोवर तो उतरलेला असतो. या प्रकाराला तिथे ‘फर्स्ट डे, लास्ट डे’ असंच नाव आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाचा खेळ शोधणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

त्यात सेन्सॉरचं गणित. एसएम ही सगळ्यात मोठी साखळी बरीच वर्षं ‘आर-१८’ चित्रपट लावतच नसे. म्हणजे प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं की सर्वांत जास्त पडदे हातचे गेले. मग निर्माता कात्री लावून खालचं प्रमाणपत्र मिळवतो, नाहीतर महोत्सवापुरता उरतो.

आता तिकीट. मनिला महानगरात जुलै २०२४ पासून दिवसाची किमान मजुरी ६४५ पेसो होती आणि मॉलमधलं तिकीट तीनशेच्या वरच. एवढे पैसे मोजणारा माणूस ओळखीचा चेहरा निवडतो, यात नवल नाही. ३०० पेसोंच्या तिकिटातून करमणूक कर जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे ३० पेसो. उरलेल्या २७० मधला साधारण निम्मा वाटा थिएटरचा. निर्मात्याकडे १३५ येतात आणि त्यातूनच वितरक व प्रसिद्धी भागवायची. खर्च एक कोटी पेसो असेल, तर नुसती मुद्दल निघायला सुमारे ७४ हजार तिकिटं खपावी लागतात.

यावर एक उतारा होता. २००२ च्या कायद्याने फिल्म डेव्हलपमेंट कौन्सिल या सरकारी संस्थेचं मूल्यमापन मंडळ चित्रपटाला दर्जा द्यायचं: ‘ए’ मिळाला तर करमणूक कराची शंभर टक्के रक्कम निर्मात्याला, ‘बी’ला ६५ टक्के. पण हा कर शहरांच्या तिजोरीतला. सेबू शहराने वाद न्यायालयात नेला आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वायत्ततेच्या मुद्द्यावर ती कलमं रद्द केली. न्यायालयाचं चूक म्हणता येत नाही, पण झळ बसली ती अशा निर्मात्यांना.

पडदे टिकले की काय होतं, याचा पुरावा त्याच वर्षीचा आहे. ‘हेनेराल लुना’ ९ सप्टेंबर २०१५ ला लागला. आठवडाभरात त्याची थिएटरं निम्म्याहून खाली आली. मग प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर गिल्ला केला, विद्यार्थी गटागटाने येऊ लागले आणि थिएटरांना तो परत लावावा लागला. सुमारे आठ कोटी पेसोंच्या त्या ऐतिहासिक चित्रपटाने २५ कोटींच्या वर गल्ला केला. प्रेक्षक पहिल्या आठवड्यातही तेच होते. त्यातला लुना, जॉन आर्सिल्या, पुढे २०२१ साली व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला.

दावा करणारे इथे मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवाचं २०१६ चं उदाहरण देतात. नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे फक्त देशी चित्रपट लागतात. त्या वर्षी पटकथांऐवजी तयार चित्रपट बघून निवड झाली, नेहमीचे विनोदी धमाके बाहेर राहिले आणि एकूण गल्ला घसरला. हे खरं आहे. पण हाँगकाँगमधल्या फिलिपिनो मोलकरणींवरचा ‘संडे ब्युटी क्वीन’ सुरुवातीच्या दिवसांतच बऱ्याच थिएटरांतून उतरवला गेला, आणि २९ डिसेंबरला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो तोच. पुढच्या वर्षी आठांपैकी चार चित्रपट पुन्हा पटकथेवरून निवडले.

यातून निघालेली पळवाट म्हणजे ‘ब्लॉक स्क्रीनिंग’. शाळा, संस्था किंवा नटाचे चाहते सबंध खेळच विकत घेतात. ३०० खुर्च्यांचा खेळ २५० पेसोंनी घेतला तर ७५ हजार पेसो आधीच हातात, आणि थिएटरला खेळ रद्द करायचं कारण उरत नाही. फक्त पैसे लवकर गोळा करावे लागतात; पहिल्या आठवड्यानंतर ठरवलं, तर बुक करायला पडदाच नसतो.

‘स्टार आला की इंडी संपला’

इंडी कोणता, हे पैसा कुणाचा आणि शेवटचा शब्द कुणाचा यावर ठरतं. सिनेमालाया २००५ साली सुरू झाला तेव्हा चित्रपटाला पाच लाख पेसो बीजभांडवल मिळायचं, पुढे ते दहा लाखांवर गेलं. बारा दिवसांचं चित्रीकरण धरलं तर दिवसाला ८३ हजार, त्यातच माणसं, जेवण, गाड्या, कॅमेरा. संकलन आणि ध्वनीसाठी काही उरत नाही. ही तूट भरून निघते ती नटाने मानधन सोडल्याने किंवा स्वतः निर्माता झाल्याने. स्टार नट पिओलो पास्क्वाल ज्या स्प्रिंग फिल्म्सचा भागीदार आहे, त्या कंपनीने ‘किता किता’ (२०१७) काढला. साप्पोरोत घडणारी प्रेमकथा, नायक एम्पॉय मार्केझ, जो रूढ अर्थाने देखणा नाही. गल्ला तीस कोटी पेसोंच्या वर. दियाझचा ‘हेले सा हिवागांग हापिस’ आठ तासांहून लांब. २०१६ साली तो मॉलमध्ये लागला, कारण त्यात पास्क्वाल आणि जॉन लॉईड क्रूझ होते आणि वितरकाने ‘बघून दाखवा’ असं आव्हानच जाहिरातीत टाकलं.

नट निवडताना हात बांधले जातात ते कधीकधी स्टारमुळे नव्हे. २०१२ साली सिनेमालायाने ‘एमएनएल १४३’ स्पर्धेतून काढला, कारण दिग्दर्शक एमर्सन रेयेसने निवडलेले प्रमुख नट, ॲलन पाउले आणि जॉय व्हियादो, महोत्सवाला पटले नाहीत. रेयेस नट बदलायला तयार झाला नाही. अनुदान सोडून त्याने तोच चित्रपट त्याच दोघांना घेऊन बाहेर पुरा केला.